एकोणीस नंबरच्या पेटीतली रिकामी जागा

कोठीचं कुलूप लावलं की ते एकदा ओढून पाहायचं, ही पेटीकाकांची एकतीस वर्षांची सवय. त्या सोमवारी त्यांनी ते तीनदा ओढलं. सायकल काढली, फाटकापर्यंत गेले, सायकल भिंतीला टेकवून पुन्हा मागे आले आणि चौथ्यांदा ओढलं.

"काका, आज आत सोनंबिनं ठेवलंय की काय?" फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं.

"दगडच आहेत," पेटीकाका म्हणाले. एरवी ते यावर काहीतरी हसण्यासारखं बोलले असते. आज नुसतेच सायकलवर बसले आणि घराच्या उलट दिशेला निघाले. शंभरेक हात गेल्यावर ते त्यांच्या लक्षात आलं.

कोठीत खरोखरच दगड होते. तेल आणि वायू शोधणाऱ्या त्या कार्यालयाने जिथे जिथे विहीर खोदली, तिथले दगड पोकळ नळीने कापून वर काढले होते. माणसाच्या दंडाएवढे जाड, सरळसोट दगडी दांडके. कार्यालयात त्यांना कोअर म्हणत. हे दांडके जमिनीत ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने लाकडी पेट्यांत मांडायचे आणि पेट्या लोखंडी मांडण्यांवर चढवायच्या. अशा अकरा हजार पेट्या होत्या. दोन किलोमीटर खाली काय आहे हे बघायला कुणाला जमिनीत उतरावं लागत नसे. पेटीकाकांच्या हातात चिठ्ठी द्यायची, पाच मिनिटांत पेटी टेबलावर हजर.

सगळी गंमत क्रमाची. दगडाला वर कुठलं आणि खाली कुठलं हे कळत नाही, म्हणून प्रत्येक दांडक्यावर शेजारी शेजारी दोन उभ्या रेघा मारायच्या, एक लाल आणि एक काळी. वरची बाजू वर धरली की लाल उजवीकडे आली पाहिजे. मग शाईने खोली लिहायची. पेटीकाकांच्या रेघा इतक्या सरळ असत की नव्याने लागलेली माणसं त्या छापलेल्या समजत. इतक्या वर्षांत कुणी त्यांच्या कोठीत एक तुकडा इकडचा तिकडे झालेला पाहिला नव्हता. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते, आणि निरोपाच्या भाषणात कोण काय बोलणार हे सगळ्यांना आधीच पाठ होतं.

त्या सोमवारी दुपारी नव्या मॅडम कोठीत आल्या होत्या. या मॅडम भूवैज्ञानिक. कार्यालयात येऊन दोन वर्षं झाली होती, तरी त्यांच्या आधीच्या मॅडम अजून नोकरीत असल्यामुळे या नव्याच राहिल्या. चालायच्या भरभर, बोलायच्या त्याहून भरभर, आणि समोर कुणीही असो, आपल्या कामाबद्दल सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. पेटीकाकांना त्या फार आवडत.

"काका, सात नंबरच्या विहिरीची एकतिसावी पेटी काढता का?"

सात नंबर ऐकताच पेटीकाकांचा हात मांडणीवर थबकला. तरी त्यांनी पेटी आणली. मॅडमनी झाकण उघडून एक काळा, वीतभर तुकडा उचलला. त्याची एक बाजू तेल लावून घासल्यासारखी चमकत होती आणि तिच्यावर बारीक ओरखडे होते.

"हा बघा! पुढच्या गुरुवारी मोठ्या साहेबांपुढे माझी पहिली विहीर मांडतेय. ती या तुकड्यावर उभी आहे."

"एवढ्याशा तुकड्यावर?"

"ऐका ना. तेल पाण्यापेक्षा हलकं. वाळूच्या खडकातल्या बारीक बारीक छिद्रांतून ते वर सरकत राहतं, कुणी अडवेपर्यंत. आता इथे काय झालंय, थर तुटलेत आणि एक बाजू खाली घसरलीय." मॅडमनी दोन्ही तळहात एकमेकांना चिकटवले आणि एक खाली सरकवला. "हा फॉल्ट. शाळेच्या पुस्तकात प्रस्तरभंग. घसरताना मधल्या चिकणमातीच्या थराची माती या भेगेत फासली गेली, तर भिंत तयार झाली. तेल तिथे येऊन अडतं, साठतं. माती नसली, नुसता वाळूचा भुगा असला, तर वाळूला वाळू भिडली. तेल केव्हाच पार निघून गेलं. सात नंबर कोरडी गेली म्हणून सगळ्यांनी हा भाग सोडून दिला. पण ती विहीर फॉल्टमधून गेली, आणि फॉल्टमध्ये ही माती आहे, काका! म्हणजे भिंत आहे. सातच्या पूर्वेला, भिंतीच्या अगदी कुशीत खोदलं पाहिजे."

"विहिरीत सोडतात त्या यंत्राच्या नोंदी असतील ना? त्यांवरूनही कळत असेल." पेटीकाकांच्या आवाजात आशा होती.

"नेमकी तिथेच विहिरीची कड ढासळली होती, नोंदी वाचण्यासारख्या नाहीत. आहे तो हा तुकडा. पण कोठी तुमची म्हटल्यावर मला घोर नाही. साहेबांना मी सांगूनच टाकलंय, पेटीकाकांच्या कोठीत दगड चुकत नाही."

 त्या काळ्या तुकड्यावरचा खोलीचा आकडा पेटीकाकांच्याच हातचा होता, पण विहिरीवर लिहिलेला नव्हता. तो त्यांनी बावीस वर्षांपूर्वी एका दुपारी याच टेबलावर लिहिला होता.

त्याचं असं झालं होतं. त्यांचा मेव्हणा तेव्हा नुकताच विहिरीवर कामाला लागला होता. ओळखीपाळखीसाठी म्हणून तो कोठी बघायला आला आणि एक पेटी उचलून म्हणाला, "दाजी, हे काय काम आहे? आमच्याकडे लोखंड उचलतात." दाजी तेव्हा छत्तिशीचे होते. त्यांनी मेव्हण्याला दाखवायला म्हणून एकावर एक दोन पेट्या उचलल्या. सात नंबरची एकोणिसावी आणि एकतिसावी. कुणीतरी बघून टेबलावर तशाच ठेवलेल्या. चार पावलं चालले आणि वरची पेटी घसरली, तिला सावरायला गेले तर खालचीही गेली. सिमेंटच्या जमिनीवर दगडच दगड.

दोघांनी गुडघ्यांवर बसून ते गोळा केले. बहुतेकांवर रेघा आणि आकडे होते, ते बिनबोभाट आपल्या जागी गेले. पण फॉल्टच्या जागचा दगड आधीच चुरलेला असतो. त्यातल्या काही तुकड्यांवरची शाई धुवून गेली होती. हा काळा तुकडा कुठला ते कळेना. एक बाजू चमकते आहे, ओरखडे आहेत, म्हणजे घासला गेलाय, म्हणजे फॉल्टमधलाच, असा दाजींनी हिशेब केला, आणि तो एकतिसाव्या पेटीतल्या एका मोकळ्या जागेत ठेवला. मग रेघा मारल्या. लाल उजवीकडे. खोलीही लिहिली. त्या काळी पेट्यांचे फोटो काढून ठेवायची पद्धत नव्हती.

सहा महिन्यांनी एकोणिसावी पेटी पुसताना त्यांना आत एक रिकामी जागा दिसली. वीतभर. एकोणिसावी पेटी म्हणजे फॉल्टच्या बऱ्याच वरचा भाग, साधा चिकणमातीचा थर. त्या थरातही असे चमकणारे तुकडे सापडतात, हे तोवर ते शिकले होते. तुकडा तिथला असेल तर त्या जागेत चपखल बसेल, नसेल तर बसणार नाही. एकदा ठेवून बघायचं, संपलं. पण सात नंबर कोरडी म्हणून बंद झालेली होती, त्या पेट्या कुणी मागत नव्हतं, आणि कोठीत चूक होत नाही असं लोक नुकतंच म्हणू लागले होते. पेटीकाकांनी त्या जागेत लाकडाचा ठोकळा बसवला आणि झाकण लावलं.

बावीस वर्षं त्यांनी तुकडा तिथे ठेवून पाहिला नव्हता.

त्या आठवड्यात पेटीकाका एका जागी म्हणून बसले नाहीत. कोठीत मांडण्यांच्या रांगांमधून चालत, सातच्या रांगेशी आले की वळत. घरी आले की पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत आणि मागच्यातून पुढच्यात. पाणी प्यायला उठत, माठाशी जाऊन कशाला आलो ते विसरत आणि तसेच परत येत.

काकू, म्हणजे त्यांची बायको, घरी पुस्तकं बांधायच्या. वाचनालयाची, शाळांची, कुणाच्या जुन्या वह्यांची. पुढची खोली कागद, खळ, दोरा आणि दाबयंत्र यांनी भरलेली. "अहो, एका जागी बसा तरी," त्या म्हणाल्या. "तुमच्या येरझाऱ्यांच्या वाऱ्याने माझी पानं उडताहेत."

"बसलोच आहे."

"हो, दिसतंय. उभ्याने बसलायत."

रविवारी सकाळी मेव्हणा आला. आता तो विहिरीवरच्या पाळीचा प्रमुख होता. पोट पुढे आलं होतं आणि डोक्यावरचे केस पार गेले होते. काकू मागे खळ शिजवत होत्या. पेटीकाकांनी त्याला हळू आवाजात सगळं सांगितलं.

"दाजी, बावीस वर्षं झाली! दगडसुद्धा विसरला असेल."

"मॅडमची पहिली विहीर आहे रे."

"मग? पहिली विहीर कुणाची लागते? दहातल्या सात कोरड्या जातात. मी काय कमी कोरड्या खोदल्यात? त्यातल्या एकीबद्दल कुणी येऊन विचारलं, की बाबा रे, कुठला तुकडा चुकला? महिनाभरात तुम्ही सुटलात. फुलं घ्या, भाषणं ऐका, घरी या."

"आणि कोठीत दगड चुकत नाही म्हणून त्यांनी साहेबांना सांगितलंय, ते?"

"तेच तर म्हणतोय. उगाच बाईंना खोटं का पाडताय?" मेव्हणा हसला. दाजी हसले नाहीत, तेव्हा तोही थांबला. "अहो, आणि तुकडा तिथलाच असला तर? जोडून बघितलंय कुठे तुम्ही?"

"नाही बघितलं."

"का?"

पेटीकाका उठले आणि पुन्हा माठाकडे गेले.

मेव्हणा गेल्यावर काकू हाताची खळ पुसत बाहेर आल्या. "मला ऐकू येत नाही असं तुम्हा दाजी-मेव्हण्यांना वाटत असेल तर वाटू दे. आता मला नीट सांगा. फॉल्ट म्हणजे काय?"

पेटीकाकांनी टेबलावरचा कापलेल्या कागदांचा गठ्ठा ओढला. मधल्या एका कागदाला खळ लावली. गठ्ठ्याचे दोन भाग शेजारी उभे दाबून धरले आणि एक भाग खाली सरकवला. दोन भागांच्या मधल्या कडेला खळीचा पट्टा ओढला गेला. "ही खळ म्हणजे चिकणमाती. ही असली तर तेल या बाजूला अडतं. नसली तर कागदाला कागद भिडतो, तेल पलीकडे जातं, नाहीतर भेगेतूनच वर चढतं. मॅडम म्हणतात खळ आहे. का, तर मी तिथे खळीचा तुकडा ठेवलाय."

काकूंनी त्या कडेवरून बोट फिरवलं. कोरे कागद खराब केल्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, यावरून पेटीकाका समजले की प्रकरण त्यांना कळलं आहे.

"मी एकदा पाचवा आणि सहावा फर्मा, सोळा-सोळा पानांच्या त्या घड्या, उलटासुलटा शिवला होता, आठवतं? ते जाड पुस्तक, वाचनालयाचं."

"आठवतं. तू भात टाकून धावत गेली होतीस."

"तोवर ते कुणी वाचायला नेलेलं. त्या गृहस्थाच्या दारात तासभर उभी राहिले. मिळालं एकदाचं. तो म्हणाला, मध्ये जरा गोंधळ वाटला, पण मी म्हटलं लेखकाचीच तऱ्हा असेल." त्या हसल्या, मग हसू ओसरलं. "पुढे वाचत गेला होता, अहो. बत्तीस पानं उलटीसुलटी, आणि त्याने त्यातूनच अर्थ लावला होता. तुमच्या मॅडम तेच करताहेत."

सोमवारी पेटीकाका कोठी उघडायच्या वेळेआधी अर्धा तास येऊन उभे राहिले. मॅडम विहिरींकडे बाहेरगावी गेल्या होत्या. मंगळवारीही नव्हत्या. फोनवर सांगावं म्हणून तीनदा नंबर फिरवला आणि तिन्ही वेळा वाजायच्या आत ठेवून दिला. ही गोष्ट तारेवरून सांगायची नव्हती. बुधवारी दुपारी चार वाजता मॅडम आल्या. डोक्यावर धूळ, हातात नकाशांची गुंडाळी, आणि उद्या अकराला मीटिंग.

"काका, उद्या एकतीस नंबरची पेटी सभागृहात लागेल. आणाल ना?"

"त्याआधी एकोणीस बघा, मॅडम."

त्यांनी दोन्ही पेट्या टेबलावर ठेवल्या होत्या, एकेक करून आणलेल्या. मग उभ्यानेच, मेव्हण्यासह आणि बढाईसह, काही न गाळता सगळं सांगितलं. ऐकता ऐकता मॅडमनी हातातली नकाशांची गुंडाळी टेबलावर ठेवली. पेटीकाकांनी एकोणिसाव्या पेटीतला ठोकळा काढला, काळा तुकडा उचलला आणि त्यांच्यापुढे धरला. "माझ्याच्याने होत नाही. तुम्ही ठेवा."

मॅडमनी तो जागेवर ठेवला. बसला नाही.  मग मॅडमनी तो उलटा केला, लाल रेघ डावीकडे गेली, आणि पुन्हा ठेवला. टक् असा आवाज आला. खालच्या दगडातली शिंपल्याची एक पांढरी बारीक रेघ मध्येच तुटली होती. ती आता या तुकड्यात शिरून पुढे गेली. सांधा कुठे आहे हे बोटाला लागेना.

म्हणजे जागाही चुकली होती आणि दिशाही.

"बावीस वर्षं, काका?" मॅडम म्हणाल्या.  बाहेर गेल्या. दाराशी त्यांच्या चपलांचा आवाज इकडून तिकडे, तिकडून इकडे होत राहिला. पेटीकाकांना तो आवाज आपलाच वाटला. दहा मिनिटांनी त्या आत आल्या, एकतिसाव्या पेटीतून काळा तुकडा गेल्यावर काय उरलं ते भिंगाखाली बघितलं. वाळूचा पांढरट भुगा. मातीचा कण नाही.

"उद्या दोन्ही पेट्या आणा," त्या म्हणाल्या आणि नकाशांची गुंडाळी तिथेच विसरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सभागृहात बारा माणसं होती. पेटीकाका दोन्ही पेट्या टेबलावर मांडून दाराशी उभे राहिले. मॅडम उठल्या. "मी प्रस्ताव मागे घेते. नमुन्यांच्या क्रमात चूक सापडली. फॉल्टमध्ये माती नाही, तेव्हा पूर्वेला तेल अडलं असेल असं मी आता म्हणू शकत नाही."

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. "चूक कुणाची?"

"जुनी आहे, साहेब. बावीस वर्षांपूर्वीची."

"माझी," दाराकडून आवाज आला. सगळ्यांच्या माना वळल्या. पेटीकाकांनी हात पाठीमागे धरले होते. "पेट्या माझ्या हातून पडल्या. तुकडा मी चुकीच्या जागी ठेवला, आणि नंतर शंका आली तरी बोललो नाही."

साहेब रागावतील अशी त्यांची तयारी होती. साहेब रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "अशा आणखी किती?"

"मला माहीत असलेली ही एकच."

"आणि माहीत नसलेल्या?"

 अकरा हजार पेट्यांवरचा लोकांचा विश्वास एका क्षणात उडालेला पेटीकाकांना समोर दिसला. ज्या ज्या भूवैज्ञानिकाने त्यांच्या रेघांवर डोळे मिटून विश्वास ठेवला होता, त्या प्रत्येकाला आज घरी जाऊन आपला एखादा नकाशा आठवणार होता.

"किती दिवस राहिलेत तुमचे?"

"कामाचे अठरा."

"सातच्या आसपासच्या सगळ्या विहिरींच्या पेट्या काढा. तुकड्याला तुकडा जोडून बघा. तोवर त्या भागात मी एकही जागा मंजूर करणार नाही."

बाहेर आल्यावर मॅडमनी त्यांना गाठलं. "मी नाव घेणार नव्हते. कशाला बोललात?"

"तुम्ही गप्प राहिला असता तर उद्या सगळे म्हणाले असते, नव्या मॅडमनीच घोळ घातला."

पेट्या निघाल्या चारशे बारा. दिवसाला तेवीस. पेटीकाका सकाळी आठला सुरुवात करत. एक पेटी खाली, झाकण बाजूला, तुकडा उचल, कड जुळव, फिरव, ठेव, पुढचा. खोली लिहायची, जुळलं लिहायचं. कुठे कड पार घासून गेलेली असली की ते थांबत. मग थरांच्या रंगावरून, कणांवरून पटवून घेत. संध्याकाळी घरी गेले तरी बोटं हवेत काहीतरी फिरवत असत.

पहिले दोन दिवस मॅडम फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चारला आल्या, समोर बसल्या आणि तुकडे जुळवू लागल्या. तीन पेट्या झाल्या.

"काका, भिंत नव्हती, तेल अडलं नाही. मग गेलं कुठे?"

"वर," पेटीकाका म्हणाले. "तुम्हीच म्हणता ना, ते वरच जातं."

मॅडमचा हात थांबला. "वर. भेगेतूनच वर, आणि पश्चिमेची जी वरची वाळू आहे ना, तिच्यात. तिच्या डोक्यावर एकोणिसाव्या पेटीतला चिकणमातीचा थर आहेच की झाकणासारखा!" त्यांनी पेटीच्या झाकणावरच पेन्सिलीने रेघा मारायला घेतल्या, मग जीभ चावून वही काढली. त्यानंतर त्या रोज आल्या.

एका मांडणीच्या मागे धुळीत एक कंगवा सापडला. त्यावर मेव्हण्याचं नाव कोरलेलं होतं. पडलेले दगड गोळा करताना तो खिशातून निसटला असणार. पेटीकाकांनी तो धुवून त्याला पाठवला. उत्तर आलं, "दाजी, याची वेळ टळून गेली."

शेवटच्या दिवशी चार वाजता निरोपाचा कार्यक्रम होता. सव्वाचारला मोठे साहेब स्वतः कोठीत आले. "अहो, चहा गार होतोय."

"तीन पेट्या राहिल्यात, साहेब."

साहेबांनी एक स्टूल ओढलं आणि बसले. तिन्ही पेट्या होईपर्यंत उठले नाहीत. मग पेटीकाकांनी वही त्यांच्यापुढे ठेवली. चारशे बारा पेट्यांत चूक एकच, तीच. साहेबांनी खाली सही केली. पेटीकाकांनी एक पांढरी पट्टी घेतली, त्यावर तुकडा कधी पडला, कुणाच्या हातून, किती वर्षं कुठल्या पेटीत होता आणि कधी परत आला ते लिहिलं, आणि ती एकोणिसाव्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली. धुळीच्या हातांनीच सभागृहात गेले. भाषणं झाली. कोठीत दगड चुकत नाही असं कुणी म्हणालं नाही.

निवृत्तीनंतर माणूस निवांत होतो म्हणतात. पेटीकाकांचं तसं झालं नाही. मॅडमची नवी जागा मंजूर झाली होती, सातच्या पश्चिमेला: आधी वरची वाळू, मग तसंच खाली जाऊन फॉल्ट पार करायचा आणि तिथला कोअर काढायचा. पेटीकाका काकूंच्या टेबलाशी बसून पानं दुमडत, आणि दर दहा पानांनी त्यांचा हात थांबे.

"जुन्या जागीच तेल असलं तर, गं? माझ्या बोलण्याने ती जागा गेली."

"आता ते कळायची सोय नाही. पानं दुमडा."

"आणि नवीही कोरडी गेली तर?"

"तर कोरडी. दुमडा म्हटलं ना!"

पाचव्या महिन्यात मेव्हण्याचा फोन आला. त्याचीच पाळी त्या विहिरीवर होती. "दाजी, वरच्या वाळूत तेल लागलंय. धो धो नाही, पण आहे. आणि खालचा फॉल्टचा कोअर आताच वर आला. तुमच्या मॅडम त्याला कुणाला हात लावू देत नाहीत. गाडी पाठवलीय तुमच्यासाठी."

पेटीकाका होते त्या कपड्यांत निघाले. रेघांचे दोन पेन मात्र खिशात होते. ते त्यांनी निवृत्तीच्या दिवशी परत करायचे राहून गेले होते, असं ते म्हणत.

विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोलीत दांडके ओळीने मांडले होते. मॅडमनी एकाकडे बोट दाखवलं. पांढरट वाळूचा भुगा घट्ट दबून दगड झालेला, आणि त्याच्या मधोमध, तिरप्या भेगेच्या कडेने, चहाच्या डागासारखा तपकिरी पट्टा. पेटीकाका वाकले. रॉकेलसारखा वास आला.

"इथूनच गेलं," मॅडम म्हणाल्या. "भिंत नव्हतीच, काका. जिना होता."

 पेटीकाकांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि लाल पेनाचं टोपण काढलं. सुरुवातीला दोन बोटं रेघ जरा वाकडी गेली. मग रेघ सरळ गेली. तिच्याशेजारी काळी. मग खोली. ती त्यांनी मॅडमना दोनदा विचारून घेतली.

दोन पेट्या भरल्या. गाडी दाराशी उभी होती. मेव्हणा हेल्मेट काढून टक्कल पुसत दारात आला, एकदा पेट्यांकडे आणि एकदा दाजींकडे बघून हसला.

"काय दाजी, दोन्ही एकदम?"

"गप रे," पेटीकाका म्हणाले. त्यांनी एक पेटी उचलली, छातीशी धरली आणि पावलाला पाऊल लावत गाडीकडे निघाले. दुसरीसाठी ते परत येईपर्यंत मॅडमनी तिला कुणाला हात लावू दिला नाही.